धारोष्ण दूध, माझी मर्जी आणि सरकारचे काम

“माझे पैसे, माझे पोट, माझी मर्जी. दूध कच्चे प्यायचे की तापवून, हे सांगणारे सरकार कोण?” असा सवाल हल्ली शिकल्यासवरल्या तरुणांकडून ऐकू येतो. शहरात काचेच्या बाटलीतून घरपोच येणारे ‘थेट गोठ्यातले’, ‘प्रक्रिया न केलेले’ दूध महाग असूनही खपते. उकळले की दुधातले सत्त्व जाते, असे संदेश मोबाईलवर फिरतात. गावाकडे हा विचार नवा नाही. ताकद येते म्हणून तालमीतली पोरे धारोष्ण दूध पितात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात, त्याचे कौतुक साऱ्या महाराष्ट्राला आहे.

सवाल स्वातंत्र्याचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. नीट तपासावा.

आधी सत्त्वाचे बघू. दूध तापवल्याने त्यातले कॅल्शियम जात नाही, प्रथिनेही जात नाहीत. काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात, पण त्यांतले क जीवनसत्त्व मुळातच दुधात नावापुरते असते. ते आवळ्यातून, पेरूतून, लिंबातून मिळते. कच्चे दूध पचायला सोपे, हाही समज खरा नाही. दुधातली साखर पचवणारा घटक कच्च्या दुधातही नसतो. युरोपात शेतावर वाढलेल्या, कच्चे दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि अॅलर्जी कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, हे मान्य. पण म्हणून मुलांना कच्चे दूध पाजा, असा सल्ला त्या संशोधकांनीही दिलेला नाही.

आता धोक्याचे. जनावर दिसायला धडधाकट असले तरी त्याच्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. शेणाचा एक शिंतोडा पडला तरी ई. कोलाय दुधात उतरतो. त्याच्या एका घातक प्रकाराने लहान मुलांची किडनी निकामी होऊ शकते. लिस्टेरियाने गर्भपात होऊ शकतो. हे सारे जंतू उष्णतेने मरतात. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशाला १५ सेकंद, एवढेच पाश्चरीकरण असते. त्यात कोणतेही रसायन घालत नाहीत. आपल्या आया-आज्या चुलीवर दूध उतू जाईपर्यंत तापवत होत्या, ते याहून कडक होते.

ब्रुसेलोसिसबद्दल थोडे अधिक सांगते, कारण तो आपल्याकडे आहे आणि ओळखला जात नाही. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रात्री घाम, कंबर आणि सांधे धरलेले, अंगात त्राण नाही. असे आठवडेच्या आठवडे चालते. मलेरियाची तपासणी होते, टायफॉइडची होते, सलाईन लागते. पण “घरी गुरे आहेत का? कच्चे दूध पिता का? एवढ्यात कुठले जनावर गाभडले का?” हे तीन प्रश्न विचारले जात नाहीत. निदान झाले तर सहसा दोन औषधे मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. मधेच सोडली तर आजार उलटतो. रोजंदारीवरच्या माणसाला सहा आठवडे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

इथेच ‘माझी मर्जी’ची खरी परीक्षा होते. धडधाकट माणसाने सगळे जाणून एक ग्लास कच्चे दूध प्यायले, तर तो त्याचा प्रश्न. पण दोन वर्षांच्या पोराच्या वाटीत काय ओतायचे, हे ते पोर ठरवत नाही. पोटुशी बाई घरात येईल ते दूध पिते. आणि गोठ्यात राबणारी मजूर बाई? गाभडलेल्या जनावराची वार ती उघड्या हातांनी उचलते. ब्रुसेला त्या वाटेनेही अंगात शिरतो. ना तिला हातमोजे, ना माहिती. महागडी बाटली विकत घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना त्या बाटलीमागच्या बाईची मर्जी कोणी विचारली?

अमेरिकेत हा वाद जोरात आहे. तिथे १९८७ पासून कच्चे दूध पिण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे. राज्याच्या आत काय चालावे, हे ज्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. २०२५ मध्ये आरोग्यमंत्री झालेले रॉबर्ट केनेडी ज्युनियर हे कच्च्या दुधाचे जुने समर्थक. त्याच देशात २०२४ मध्ये दुभत्या गायींत बर्ड फ्लू पसरला आणि कच्च्या दुधात तो विषाणू सापडला. ब्रिटनने दोन वाटा काढल्या. स्कॉटलंडमध्ये १९८३ पासून पूर्ण बंदी. इंग्लंडमध्ये मात्र नोंदणी केलेला उत्पादक तपासणी करून, बाटलीवर धोक्याची सूचना छापून थेट ग्राहकाला विकू शकतो.

मला इंग्लंडची वाट आपल्याला जवळची वाटते. सरसकट बंदी घातली तर बळी जाईल तो दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाचा. पण माहिती लपवून विकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे स्वातंत्र्य नव्हे. ती फसवणूक आहे. जाणून घेतलेला निर्णय, तोच खरा निर्णय.

आणखी एक गोष्ट. उकळून सगळेच जात नाही. २०१८ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे घातक ठरले ते १२. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त होते आणि ७७ नमुन्यांत जनावरांना दिलेल्या अँटिबायोटिकचा अंश प्रमाणाबाहेर होता. अफ्लाटॉक्सिन बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून दुधात येते. कितीही उकळा, ते तसेच राहते. घरात ते दिसत नाही, त्याचा वास येत नाही. जंतू आपण चुलीवर मारू शकतो. हे विष पकडायला प्रयोगशाळा लागते, निरीक्षक लागतो, कायदा लागतो. तिथे ‘सरकारने लुडबूड करू नये’ म्हणणे म्हणजे गरिबाला वाऱ्यावर सोडणे. श्रीमंत माणूस दूध बदलेल. आपण काय बदलणार?

संविधानाने जगण्याचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण अनुच्छेद २१ मध्ये दिले. त्याच संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. ही दोन्ही कलमे एकमेकांच्या विरोधात नाहीत. आजारी माणसाला कसले आले स्वातंत्र्य?

पण हे कर्तव्य कणखरपणे पार पडले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने ‘ए-१’, ‘ए-२’ हे दुधावरचे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. अशाने गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा कोणावर?

तेव्हा भगिनींनो, घरात एवढे करा. सुटे दूध, मग ते गायीचे असो, म्हशीचे असो की शेळीचे, ढवळत चांगली उकळी आणूनच वापरा. पिशवीतले दूध पाश्चरीकरण केलेले असते, पण दुकानातला फ्रिज रात्री बंद राहत असेल तर तेही तापवा. लहान मुले, गरोदर बायका, म्हातारी माणसे आणि दीर्घ आजाराचे रुग्ण यांना कच्चे दूध कधीही देऊ नका. ताप आठवडाभर उतरला नाही आणि गुरांशी संबंध असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

आणि ग्रामसभेत हे मागा. २०१९ पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात किती वासरांना ती दिली, याचा आकडा पशुवैद्यकीय दवाखान्याकडून घ्या. गोठ्यात काम करणाऱ्यांना हातमोजे आणि तपासणी मिळते का, ते विचारा. तालुक्यात सुट्या दुधाचे नमुने शेवटचे कधी घेतले, हे अन्न व औषध प्रशासनाला लेखी विचारा. मर्जी चालवायची तर ती इथे चालवा.