इंदूरचा रस्ता आणि बेळगावचा न्याय

सीमावासीयांस शहाणपण शिकविणाऱ्यांची या देशात कधीच वाण नव्हती. अलीकडे त्यांस एक नवा दृष्टान्त सापडला आहे. ते म्हणतात, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत महामार्ग झाले. आता राज्यांच्या सीमा कवटाळून काय बसता? इंदूरची मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मध्य प्रदेशात सुखाने नांदतात, मग बेळगाव-कारवार-निपाणीकरांसच काय सलते? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच रस्त्यावर उभे राहून देणे आम्हांस प्राप्त आहे.

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ पंजाबातील संगरूरहून निघतो. हरियाणा व राजस्थान ओलांडून तो माळव्यात इंदुरास येतो, विंध्याद्री उतरून खलघाटास नर्मदा पार करतो आणि सेंधव्याकडून सातपुडा ओलांडून धुळ्यास पोचतो. पुढे औट्रम घाट चढून तो मराठवाड्यात शिरतो आणि सोलापूर, विजापूर, हुबळी करीत अखेर सह्याद्री उतरून कारवारच्या शेजारी अंकोल्यास संपतो. सहा राज्ये आणि सुमारे २,३०० किलोमीटरांची ही वाट आहे. या रस्त्याशी आमचे वैर नाही. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरास निघालेली एस. टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली व बारा जीव गेले, तेव्हा माळव्याइतकेच खानदेशही हळहळले. रस्ते माणसे जोडतात, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

परंतु रस्ता न्यायाची जागा घेतो काय? ज्या पंजाबातून हा रस्ता निघतो, त्याचीच १९६६ साली भाषेच्या पायावर विभागणी होऊन हरियाणा निर्माण झाला. त्यामुळे देश दुभंगला नाही, आणि संगरूरहून हिस्सारला जाणारी वाटही बंद पडली नाही. जे पंजाबात राष्ट्रहिताचे ठरले, ते बेळगावात राष्ट्रद्रोहाचे कसे ठरते?

आता इंदूरविषयी. होळकरांच्या पाठोपाठ मराठी माणूस विंध्याद्रीपलीकडे गेला, तेथे रुजला आणि त्या भूमीचा झाला. त्याची भाषा मराठी आहे. २००० साली बेळगावास भरलेले साहित्य संमेलन २००१ साली इंदुरास भरले, ते त्याच नात्याने. तरीही इंदूर महाराष्ट्रात यावे असे ना इंदूरकर म्हणतात, ना आम्ही म्हणतो. कारण खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आमची चार सूत्रे इंदुरास लागू पडत नाहीत. आमच्या ८६५ गावांस मात्र ती लागू आहेत, असा महाराष्ट्राचा दावा आहे. आम्ही विस्तारवादी असतो तर होळकरांच्या राजधानीवर प्रथम हक्क सांगितला असता!

शिवाय इंदूरचा मराठी माणूस स्वतः सीमा ओलांडून गेला. बेळगावचा मराठी माणूस आपल्याच उंबरठ्यात उभा असता १ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमा त्याच्या अंगणातून ओढली गेली. त्या दिवसापर्यंत बेळगाव आणि कारवार दोन्ही मुंबई राज्यात होती. पाहुणा म्हणून गेलेला आणि घरातच परका ठरविलेला, यांना एकाच तागडीत तोलणे हा कोणता न्याय?

आणि ज्या महामार्गांनी सीमा पुसल्या असे सांगतात, त्यांपैकीच पुणे-बंगळूर महामार्गावर ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावनजीक हिरेबागेवाडीच्या नाक्यापाशी महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. काचा फुटल्या त्या गाडीच्या क्रमांकावरील दोन अक्षरांमुळे! डांबराने सीमा पुसत नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा? तंटा कुजत ठेवला की तो रस्त्यावर येतो. म्हणून रस्ता निर्वेध हवा असेल त्याने आधी तंट्याचा निवाडा मागावा.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा दोन दशके उलटली तरी निर्णयाविना आहे. दरम्यान अंकोल्यापर्यंत रस्ता पोचला. डोंगर फोडावयास सरकारास इच्छाशक्ती लाभते, नद्यांवर पूल बांधावयास पैसा मिळतो. मग एका अन्यायाचे परिमार्जन करावयासच वेळ का मिळू नये? घटनेच्या कलम ३५० अ नुसार मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा यत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे; निकाल लागेतो निदान तेवढे तरी पाळले जावे.

सीमावासीयांनी या दृष्टान्ताने भुलू नये वा खचू नये. इंदूरकर आमचे सोयरे आहेत. त्यांचे उदाहरण आमच्याविरुद्ध साक्षीस उभे करू पाहणाऱ्यांनी आधी नकाशा नीट वाचावा.