गाडी किती वेळा उडाली?

१ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडाजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंगाचा स्फोट घडविला. पोलीस दलाचे १५ जवान व त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. त्या आठवड्यात देसाईगंजच्या आमच्या दुकानात गल्ल्यावरचा टीव्ही नेहमीप्रमाणे दिवसभर सुरू होता. चौथ्या दिवशी सहा वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, आज पुन्हा गाडी उडाली?" वाहिन्या तेच दृश्य पुनःपुन्हा दाखवीत होत्या, त्याच्या हिशेबी प्रत्येक वेळी गाडी नवी आणि जवानही नवे.

दुसऱ्या सकाळी त्याचे वडील कुरखेड्याला माल पोचवायला निघाले, तर टेम्पोची किल्ली सापडेना. ती तांदळाच्या डब्यात निघाली. कोणी रागावले नाही. वडिलांनी त्याला जवळ घेऊन सांगितले, गाडी एकच होती, आणि ते एकदाच घडले. संध्याकाळी टेम्पो परत येईपर्यंत तो ओट्यावरून हलला नाही.

अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात १९९५ साली झालेल्या बॉम्बस्फोटानंतर तेथील शाळकरी मुलांची पाहणी झाली. ज्यांच्या ओळखीचे कोणी दगावले नव्हते, अशा मुलांतही टीव्हीवर तो प्रसंग अधिक पाहणाऱ्यांत मानसिक आघाताची लक्षणे अधिक दिसली. आमच्या मुलांना तर कुरखेडा हे वडिलांच्या नेहमीच्या वाटेवरचे गाव.

भय निदान ओळखू येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीत २६ नक्षलवादी मारले गेले, तेव्हा थोरला नातू क्रिकेटच्या धावा विचाराव्यात तसे "आता किती झाले?" विचारीत होता. चंद्रपूरच्या आप्तांकडून मोबाईलवर येणारी वाघाच्या हल्ल्यांची दृश्येही तो अशाच चवीने पाहतो. मला हे अधिक खटकले. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यांत 'दुःश्रुति' हा एक आहे: मन कलुषित करणारे ऐकत राहणे. पाणी गाळून पिणाऱ्या आमच्या घरात हे मात्र दिवसभर न गाळता येत होते, आणि टीव्ही सुरू करणारा मीच होतो.

आता मुले शाळेतून येण्याच्या वेळी टीव्ही बंद असतो. थोरल्याने आकडा विचारला तर आधी ती माणसे कोण होती, एवढे बोलतो. काही गिऱ्हाईके कुरकुरतात. त्यांच्यासाठी बाकावर वर्तमानपत्र ठेवले आहे.