माशी लख्ख, निशाण धुरकट

सातारच्या आमच्या घराची तीन दारं एका ओळीत आहेत. ओटीचं, माजघराचं आणि परसात उघडणारं. पुढल्या दारात उभं राहिलं की नजर थेट तुळशीवृंदावनावर जाते. लहानपणी आम्ही भावंडं या ओळीतून लिंबं घरंगळवायचो. आता गेलं वर्षभर मी तिथे रोज तिन्हीसांजा उलटल्यावर छर्‍याच्या पिस्तुलानं नेम धरते. परसदाराला आतून कडी, कडीला कुलूप, दारापुढे खोका, खोक्यावर कागद. कागदापासून ६ मीटरवर जमिनीवर खडूची रेघ. त्या रेघेवर मी उभी राहिले की पुढचा पाऊण तास मला कोणी हाक मारत नाही.

माझं वय ५७. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन आईजवळ राहायला आले, तेव्हा हे काही मनात नव्हतं. पिस्तूल भाच्यानं आणलं. स्प्रिंगचं आहे, हातानं ओढून भरायचं, एका वेळी एक छर्रा. छर्रा म्हणजे पोलादाची बारीक गोळी, सायकलच्या दुकानात मिळणार्‍या छर्‍यांसारखीच दिसणारी. (ते यात घालायचे नाहीत. मापात किंचित फरक असला तरी नळी खराब होते.) वजन ग्रॅमच्या साधारण तिसर्‍या हिश्श्याएवढं, वेग सेकंदाला शंभरेक मीटर. हिशेब मांडला तर ऊर्जा २ ज्यूलच्याही आत येते. आपल्याकडे २० ज्यूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटर नळीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. आमचं पिस्तूल त्या मर्यादेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात बसतं. आवाज म्हणाल तर पाटावर लाटणं पडावं इतकाच.

तरी डोळा जायला एवढी ताकद पुरेशी आहे, आणि हे मला फार लवकर कळलं. सुरुवातीला खोक्यात मी शाडू भरला होता, गणपतीनंतर उरलेला, ओला करून थापलेला. तीन-चार दिवस छर्रे त्यात छान रुतत होते. मग शाडू वाळला, आणि एका संध्याकाळी एक छर्रा टणकन परत येऊन माझ्या पायाशी थांबला. शिशाचा छर्रा आपटला की चपटा होतो आणि तिथेच राहतो. पोलाद चपटत नाही, उसळतं. त्याच रात्री शाडू काढून टाकला. आता खोक्यात आईच्या जुन्या नऊवारीचे दोन पडदे मोकळे टांगलेत आणि त्यांच्यामागे गोधडी आहे. छर्रा कापडात शिरतो, कापड मागे झुलतं, छर्‍याचा जोर संपतो आणि तो खाली पडतो. लुगड्याचं सूत किती चिवट असतं हे मला पिस्तुलामुळे समजलं. चष्म्याशिवाय मात्र माजघरात कोणीही थांबायचं नाही, आईनंही नाही.

या घरात बंदुकीला चाळीसहून अधिक वर्षं बंदी होती. दादाकडे पूर्वी छर्‍याची लांब बंदूक असायची. १९८१ च्या मे महिन्यात त्यानं परसातल्या जास्वंदीवरचा बुलबुल पाडला. मी तेव्हा १३ वर्षांची. पाखराच्या शेपटीखालचा तो लाल ठिपका अजून डोळ्यांपुढे आहे. त्याची जोडीदारीण दोन दिवस त्याच फांदीवर येऊन बसत होती. आई दादाला एक शब्द बोलली नाही. बंदूक तिनं फडक्यात गुंडाळली, एसटीनं माहुलीला गेली आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर डोहात सोडून आली. भाच्यानं पिस्तुलाचा विषय काढला तेव्हा आधी तिलाच विचारणं भाग होतं. तिनं एवढंच विचारलं, “जिवावर नाही ना धरणार?” म्हटलं, “कागदावर.” म्हणाली, “मग आण.”

शिकवलं शेजारच्या सुभेदारांनी. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी ते ओटीवर उभे राहून नुसते पाहत होते. दहा छर्रे सोडले, कागदाला भोकं तीन, तीही तीन दिशांना. मी डोळे बारीक करून काळ्या वर्तुळाकडे रोखून पाहत होते. सुभेदार म्हणाले, “ताई, कागद काय पळून जातोय व्हय? त्याच्याकडं बघायचंच न्हाई. माशी बघा.”

माशी म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा छोटा उंचवटा. मागे डोळ्याच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी, दोन्ही अंगांना सारखा उजेड, माशीचा माथा खाचेच्या काठाला लागून. हे सगळं काळ्या वर्तुळाखाली आणायचं आणि चाप ओढायचा. डोळा मात्र एका वेळी एकच गोष्ट लख्ख पाहू शकतो. खाच, माशी आणि कागद तीन वेगळ्या अंतरांवर असतात. सुभेदारांचं म्हणणं असं की लख्ख दिसली पाहिजे ती माशी. निशाण धुरकट झालं तरी चालेल, किंबहुना धुरकट व्हायलाच हवं.

मला ते पटेना. आपण सगळे अर्जुनाच्या गोष्टीवर वाढलो. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो तो फक्त पाखराचा डोळा. शाळेच्या भिंतीवर चित्र, वक्तृत्व स्पर्धेत दाखला, बँकेतल्या उद्दिष्टांच्या बैठकीतसुद्धा हीच गोष्ट. चाळीस वर्षं जे ऐकलं त्याच्या नेमकं उलट हा माणूस सांगत होता. मग मी वही काढली. आकडे मला माणसांपेक्षा लवकर पटतात.

माझ्या पिस्तुलाची माशी आणि खाच यांच्यातलं अंतर २० सेंटीमीटर. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर ६ मीटरवर तो फरक ३० पट होतो. ३ सेंटीमीटर, म्हणजे छर्रा काळ्या वर्तुळाबाहेर. उलट माशी खाचेत नीट बसलेली आहे आणि अख्खा हातच मिलिमीटरभर हलला, तर डोळ्यापासून कागदापर्यंतच्या प्रमाणात फरक पडतो सात-आठ मिलिमीटरचा. हाताची थरथर माफ आहे, माशीचं घसरणं माफ नाही. आणि आपण निशाणाकडे पाहत राहिलो तर घसरलेली माशी दिसतच नाही. अर्जुनाच्या धनुष्याला माशी नव्हती, त्याचं त्याला बरोबर होतं. माझ्या हातातल्या वस्तूचा धर्म वेगळा आहे.

पण लख्ख बघायचं कसं? या वयात डोळ्यांचं नेमकं हेच गणित बिघडलेलं असतं. चष्म्याशिवाय कागद स्वच्छ दिसायचा, माशी पुसट. चाळिशी लावली तर वर्तमानपत्राच्या अंतरावरचं स्पष्ट, आणि माशी त्याच्या पलीकडे, पुन्हा पुसटच. शेवटी सुभेदारांना टेप धरायला लावली. हात ताठ केला की डोळ्यापासून माशी ८५ सेंटीमीटर. तो आकडा घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले आणि सांगितलं, मला फक्त या अंतरावरचं दिसायला हवं. माझ्या वाचायच्या नंबराच्या निम्म्याहून कमी, एक नंबरची काच निघाली, न फुटणारी. तो चष्मा दुसर्‍या कशाच्याच उपयोगाचा नाही. त्यातून ना पुस्तक वाचता येतं, ना रस्ता नीट दिसतो. पण रेघेवर उभी राहून तो चढवला आणि पहिल्यांदा माशीचा माथा सुरीनं कापल्यासारखा सरळ दिसला, तेव्हा मी चाप ओढायचंच विसरले. अशी काळी, स्वच्छ कड मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिच्यामागे वर्तुळ राखाडी ढगासारखं तरंगत होतं. त्या दिवशी पाच छर्रे पहिल्यांदा तळहाताएवढ्या जागेत पडले.

पिस्तूल कमी ताकदीचं आहे म्हणून हा पोरखेळ, असं पाहुण्यांना वाटतं. मला अनुभव उलटा आला. जोरदार बंदुकीची गोळी कधी निघून जाते कळत नाही. इथे चाप ओढल्यावर स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि मग छर्रा निघतो. तेवढ्या वेळात दट्ट्याचा हिसका हाताला बसलेला असतो. मुठीची पकड दर वेळी तीच नसेल तर हिसका दर वेळी वेगळी वाट काढतो, आणि कागदावर ते लगेच दिसतं. पुढचे ६ मीटर कापायला छर्‍याला सेकंदाचे सहा शतांश लागतात. तेवढ्यात तो पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो, साधी शाळेतली गुरुत्वाकर्षणाची बेरीज. नळीला आतून पिळाच्या खाचा नसल्यामुळे तो स्वतःभोवती नेमका फिरत नाही आणि थोडा भरकटतोच. म्हणजे मी सगळं बिनचूक केलं तरी पाच छर्रे पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातील, त्याहून जवळ नाहीत. ही पिस्तुलाची हद्द. आपली चूक कुठे संपते आणि पिस्तुलाची कुठे सुरू होते, हे ओळखायला मला आठ महिने लागले. ते कळल्यावर एक-एक छर्रा मनाला लावून घेणं थांबलं. आता मी पाचांचा पुंजका बघते. पुंजका घट्ट पण डावीकडे असेल तर खाच सरकवायची. पुंजकाच विस्कटला असेल तर त्या दिवशी मी विस्कटलेली असते. रात्रीची झोप, दुपारचा वाद, उपासाच्या दिवसाचा अशक्तपणा, सगळं उमटतं.

श्वासाचंही तसंच. अर्धा सोडायचा, क्षणभर थांबायचं, त्या थांब्यात चाप. सात-आठ सेकंदांत नाही सुटला तर हात खाली. हात खाली घेणं हे मला सगळ्यांत उशिरा जमलं. उचललाय तर सोडूनच टाकू, ही ओढ फार जबरदस्त असते.

स्पर्धेत हेच १० मीटरवर चालतं, एका हातानं, ७५ मिनिटांत ६० नेम, आणि दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. मनू भाकरनं पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं तो हा प्रकार. मी तो कागद अंतराच्या प्रमाणात छापून घेते, तेव्हा दहाचं वर्तुळ तुरीच्या दाण्याहून किंचित मोठं होतं. रायफलवाल्यांच्या कागदावर तर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, या वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामासारखा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत २०१८ मध्ये पालेंबांगला आशियाई सुवर्ण जिंकल्या. तेव्हा आम्ही पेपरातले फोटो पाहून अभिमान बाळगला आणि पान उलटलं. त्यांनी काय केलं होतं ते मला आता, खडूच्या रेघेवर उभं राहिल्यावर थोडंसं कळायला लागलंय. माझा पाचवा छर्रा सोडताना चौथ्याचा विचार डोक्यात असतो. त्यांनी साठावा पहिल्यासारखा सोडला असेल.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेची पॅरिस ऑलिंपिकमधली अंतिम फेरी आईनं आणि मी टीव्हीसमोर बसून पाहिली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत नोकरी, बालेवाडीला सराव. गुडघ्यावर, मग पालथं झोपून, मग उभं राहून. ४५१.४ गुणांवर कांस्य ठरलं तेव्हा आई रडली. तिचं माहेर कराडचं. १९५२ मध्ये हेलसिंकीहून खाशाबा जाधव पदक घेऊन गोळेश्वरला परतले, तेव्हाची बैलगाड्यांची मिरवणूक तिनं दहा वर्षांची असताना पाहिली आहे. मराठी माणसाला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली, आणि दोन्ही तिनं याचि डोळा पाहिली. त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला आणि पिस्तुलाची गोष्ट पहिल्यांदा निघाली, ती तिथूनच.

आईनं स्वतःसाठी एक खेळ शोधला आहे. सरलेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान ती जपून ठेवते. महिना संपल्यावर पहिल्या संध्याकाळी ते खोक्यावर लागतं. ती ओटीवर खुर्चीत, डोळ्यांवर भाच्याचा मोठा पारदर्शक चष्मा, आणि एक-एक तारीख पुकारते. “सतरा.” मी सतराच्या चौकोनावर नेम धरते. “सव्वीस. त्या दिवशी लाइट गेली होती बघ.” संकष्टी, एकादशी आणि अमावास्या तिनं वगळल्या आहेत, त्यांच्यावर छर्रा सोडायचा नाही. बाकीचा महिना ती माझ्याकडून पुन्हा एकदा जगून घेते. कोणत्या तारखेला कोण आलं होतं, दूध कधी नासलं, गुडघा कधी दुखला. एखादी तारीख हुकली तर म्हणते, “राहू दे, तो दिवस तसाही काही खास नव्हता.” मग पुढची.

शेवटी छर्रे वेचायचे. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून मी खोक्यातून फिरवते. एकदा सुटलेला छर्रा परत भरायचा नाही. ते सगळे एका बरणीत जातात. किती सोडले ते आई मोजते, किती मिळाले ते मी. काल तिचे ५० होते, माझे ४९. चुंबक पुन्हा फिरवलं, नऊवारीचे पडदे झटकले, गोधडी उलटी केली, उंबर्‍याच्या खाचेत पाहिलं. मग आई म्हणाली, राहू दे आता, जेवायला बस. सकाळी केर काढताना वाजेल.