नुसत्या आकड्याला अर्थ नसतो

आमच्या शेजारच्या काकू कॅनडात मुलाकडे सहा महिने राहून आल्या. आल्या आल्या त्यांनी तिथला रक्ततपासणीचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "बघ, उपाशीपोटी साखर फक्त ७! इथे १२६ होती. तिकडची हवा मानवली हो मला. आता गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?"

त्यांच्या आनंदावर विरजण घालणे जिवावर आले, पण सांगावेच लागले. आपल्याकडे एक डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे ते लिहितात; कॅनडात एका लिटरमध्ये किती मिलिमोल, असे मोजतात. तिथल्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा येतो. अठरा सत्ते सव्वीसाशे, म्हणजे १२६! साखर जिथल्या तिथेच होती, बदलले होते ते फक्त माप.

काकूंना सांगायला शेजारी तरी होते. पण असे लाखो रिपोर्ट वाचून आजारांविषयी अंदाज बांधणाऱ्या एआयला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेला, हे कोण सांगणार? आकड्यापुढे माप लिहिलेले नसेल, तर यंत्राच्या लेखी ७ वाला रोगी ठणठणीत!

जनुकाची झाली तारीख

अशा चुका मोठमोठ्या शास्त्रज्ञांकडूनही होतात. माणसाच्या काही जनुकांची नावे इंग्रजीत 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ती लिहिली, की संगणक त्यांना तारखा समजून '१ मार्च', '२ सप्टेंबर' असे करून टाकी. प्रमुख नियतकालिकांतील ज्या शोधनिबंधांना जनुकांचे असे तक्ते जोडलेले होते, त्यांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ दर पाच निबंधांमागे एकात हा घोटाळा होता! अखेर जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० पर्यंत त्या जनुकांचीच नावे बदलून टाकली.

शिस्तीचे फळ

याउलट, नोंदी नीट ठेवल्या तर काय घडते, तेही पाहा. १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत प्रथिनांच्या रचनांची एक 'बँक' सुरू झाली. ठेव होती अवघ्या ७ रचनांची. पण प्रत्येक रचना ठराविक पद्धतीनेच लिहायची आणि ती सर्वांना मोफत पाहू द्यायची, हा नियम होता. पुढे संशोधन छापायचे तर रचना आधी बँकेत जमा करा, अशी अट नियतकालिकांनीही घातली. पन्नास वर्षांत ठेव दीड लाखाच्या पुढे गेली. तिच्यावरच शिकून तयार झालेली 'अल्फाफोल्ड' ही एआय प्रणाली प्रथिनांचे आकार ओळखू लागली आणि ती घडवणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. यंत्र हुशार होतेच. पण त्याला वाढून ठेवलेले ताट पन्नास वर्षांच्या शिस्तीचे होते.

आपल्याकडे काय?

भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये 'बायोटेक-प्राइड' ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनाची जैविक माहिती एका जागी, सर्वांना उपयोगी पडेल अशा रूपात जमा व्हावी, हा त्यांचा हेतू. त्यासाठी २०२२ मध्ये फरीदाबाद येथे 'भारतीय जैविक डेटा केंद्र' सुरू झाले. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशभरातील सुमारे १० हजार लोकांच्या जनुकांची माहिती गोळा झाली. ती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, तेव्हा देवाणघेवाणीचे नियमही सोबत जाहीर झाले.

हे आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जगातील जनुकविषयक माहितीचा मोठा हिस्सा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. तीवर शिकलेला एआय आपल्या रोगाचा अंदाज चुकवू शकतो. आपली माहिती जमा झाली, पण कुणी वय लिहिले, कुणी जन्मसाल, कुणी माप गाळले, तर ती असून नसल्यासारखीच.

दुसरी बाजू विश्वासाची आहे. नाव पुसले तरी जनुके माणसाची ओळख सांगू शकतात, आणि त्याच्या भावंडांची व मुलांचीही. म्हणून ही माहिती वाचता येण्याजोगी असावी, पण ती कुणी व कशासाठी वाचावी, यावरही पहारा हवा. रक्त देणाऱ्याने संमती एका कामासाठी दिली असेल, तर ती सगळ्याच कामांसाठी दिली असे मानणे योग्य नाही.

शिवाय नियम कागदावर राहून चालत नाही. नोंद करतो तो प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ किंवा तरुण संशोधक. नीट नोंदीबद्दल त्याला ना शाबासकी, ना वेळ. हे काम म्हणजे संशोधनाचाच भाग आहे, असे मानले गेले तरच नियमांना अर्थ.

तोवर ही शिस्त घरापासून सुरू करायला काय हरकत आहे? रिपोर्टची फाइल काढा. प्रत्येकावर तारीख, माप आणि तपासणी उपाशीपोटी की जेवणानंतर, हे आहे का ते पाहा. काकूंनी त्याच संध्याकाळी फाइल लावली. आणि हो, गोळ्या चालू आहेत.