एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

जुन्या पुण्यातल्या वाड्यात एका छपराखाली आठ-दहा बिऱ्हाडे नांदत. दिंडी दरवाजा एक, आड एक. चुली मात्र वेगळ्या. संगणकातही असा संसार मांडता येतो, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते. एकाच यंत्रावर दोन-चार ऑपरेटिंग सिस्टीम एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीला वाटते, सारे यंत्र आपलेच!

ही कल्पना आजची नव्हे. १९६७ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी ‘सीपी-४०’ ही प्रणाली वापरात आणली. यंत्र महागडे, वापरणारे अनेक. म्हणून एकाच यंत्राची चौदा आभासी यंत्रे करण्याची ही सोय. १९९९ मध्ये ‘व्हीएमवेअर’ने ती साध्या पीसीवर आणली. ‘हायपरव्हायझर’ नावाचा कारभारी मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ वाटून देतो. प्रत्येक बिऱ्हाडाची हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. मला तो फार जवळचा वाटतो. नव्वदच्या दशकात संस्थांची इतिवृत्ते, कुलवृत्तान्त, प्रबंध असे कितीतरी मराठी लेखन युनिकोडपूर्व फाँटांत झाले. आज ती फाइल उघडावी, तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी! मजकूर शाबूत असतो; हरवलेली असते ती त्याची किल्ली. जुनी विंडोज आणि जुना फाँट आभासी यंत्रात बसवला, की तीच पाने पुन्हा वाचता येतात, छापता येतात. ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारखे साधन त्यासाठी फुकट मिळते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नये. विंडोज एक्सपीची सुरक्षेची डागडुजी २०१४ मध्येच थांबली. आणि छप्पर एकच आहे, हे विसरू नये. खरी डिस्क गेली, तर सारी बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतील. म्हणून एक प्रत दुसरीकडे हवीच.

ग्रंथालयांनी आणि साहित्यसंस्थांनी हे काम आता अंगावर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताम्रपट वाचायला आपण तज्ज्ञ शोधतो. मग पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे मराठी अवाचनीय का व्हावे? तोवर आपण घरी एवढे तरी करावे: जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याची डिस्क, विंडोजची आणि फाँटांची सीडी काढून जपून ठेवावी. आजोबांचे आत्मवृत्त कदाचित तिथेच असेल.