विमा नाही, डिपॉझिटला पैसे नाहीत. मग मोठ्या दवाखान्यात खाट मिळेल का?

टिटवाळा : आपल्या भागात रात्री कुणाला छातीत दुखायला लागलं, तर रस्ता ठरलेला आहे. खेड्यातला पेशंट गोवेलीच्या ग्रामीण रुग्णालयात, मांडा-टिटवाळ्यातला कल्याणला रुक्मिणीबाईत, नाहीतर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात. आयसीयू किंवा मोठं ऑपरेशन लागलं की पुढे कळवा, सायन, केईएम. वाटेत मोठमोठी खासगी रुग्णालयं लागतात, पण 'आत गेलो तर आधी डिपॉझिट मागतील' या भीतीने रिक्षा तिथे थांबतच नाही.

त्यातली काही रुग्णालयं ट्रस्टची, म्हणजे धर्मादाय असतात. त्यांच्याकडे गरिबांसाठी राखीव खाटा असतात, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम 41 कक आहे. त्याची नीट अंमलबजावणी होत नाही म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2006 मध्ये न्यायालयाने योजनाच ठरवून दिली. ती 1 सप्टेंबर 2006 पासून लागू आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालयं आहेत. प्रत्येकाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या. निर्धनांवर मोफत उपचार, दुर्बल घटकांना सवलतीत. औषधं आणि साहित्याच्या खर्चासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून बाजूला काढायची. वर्षाला 50 कोटींची बिलं करणाऱ्या रुग्णालयाचा हा निधी 1 कोटी होतो.

यात उपकार काही नाही. ट्रस्ट म्हणून प्राप्तिकरात सूट मिळते, अनेकांना सरकारी जमीन किंवा जादा बांधकामाची परवानगी मिळालेली असते. म्हणजे पैसा लोकांचाच. त्याची ही परतफेड आहे.

आपण त्यात बसतो का?

निर्धन रुग्णासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार, दुर्बल घटकासाठी 3 लाख 60 हजार रुपये आहे. मंदिराबाहेर हार-फुलं विकणारी बाई दिवसाला 500 रुपये कमावते आणि महिन्यात 25 दिवस धंदा होतो, असं धरा. वर्षाचे झाले दीड लाख. घरात ती एकटीच कमावत असेल तर निर्धन. नवराही तेवढंच कमावत असेल तर तीन लाख, म्हणजे दुर्बल घटक. आपल्याकडची कितीतरी घरं या हिशोबात बसतात. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण कागदाची. आजार रात्री येतो, दाखला कचेरी उघडल्यावर. म्हणून दाखला आजच काढून ठेवा आणि दरवर्षी नवा करून घ्या.

दुसरी, डिपॉझिटची. योजनेत स्पष्ट आहे : तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करायचं, डिपॉझिट मागायचं नाही, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे. तरीही 2025 च्या मार्चअखेर पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने एका गर्भवतीकडे 10 लाख रुपये डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे जुळ्यांना जन्म देऊन ती आई दगावली. राज्यभर संताप झाला, चौकश्या लागल्या, तेव्हा कुठे तातडीच्या रुग्णांकडून डिपॉझिट घेणार नाही असं रुग्णालयाने जाहीर केलं. नियम 2006 चा. आठवण झाली एक जीव गेल्यावर.

तिसरी, 'निधी संपला' हे उत्तर. इथे नीट लक्ष द्या. खाट, नर्सची सेवा, तिथल्या निवासी डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या या निर्धन रुग्णाला मोफतच आहेत, त्यांचे पैसे त्या निधीतून जात नाहीत. निधी असतो औषधं, साहित्य, इम्प्लांट यांच्यासाठी. म्हणून निधी संपला तरी खाटेचा हक्क संपत नाही.

चौथी अडचण अंतराची. अशी मोठी रुग्णालयं मुख्यतः मुंबई-पुण्यात. खडवली-वासिंदच्या माणसाला खाट मोफत मिळाली, तरी सोबतच्या नातेवाइकाचं राहणं, जेवण, बुडालेली मजुरी कोण भरणार? धर्मादाय खाटांनी हा प्रश्न सुटणार नाही. गोवेलीत आणि कल्याणात सरकारी सोयी वाढल्या तरच सुटेल.

दारात उभे राहिलात तर

काउंटरवर वाद घालू नका. 'वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात?' एवढं विचारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार दिला तर तोही लेखी मागा. तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे करता येते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हेही विचारा. ही योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे, हेल्पलाइन 155388.

आपल्या ग्रामपंचायतींनी आणि नगरसेवकांनीही एक काम करावं. जवळच्या धर्मादाय रुग्णालयांची यादी आणि लागणारे कागद एका फलकावर लिहून चावडीत, स्टेशनबाहेर लावावेत. त्याला फारसा खर्च नाही. रात्री दोन वाजता रिक्षा कुठे वळवायची, एवढं तरी घरच्यांना कळेल.