अळंबी : वनस्पतींपासून वेगळी सृष्टी

पावसाळा स्थिरावला की कोकणात व गोव्यात वारुळांवर आणि त्यांच्या आसपास पांढऱ्या छत्र्या उगवतात. कोकणात त्यांना अळंबी, तर गोव्यात ओळमी म्हणतात. आपल्या आहारपरंपरेत अळंबी वर्ज्य असल्याने अनेक घरांत तिचा परिचयही होत नाही. तथापि जे टाळावयाचे, ते जाणून टाळावे, हे अधिक श्रेयस्कर.

लिनियस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींची सूची सिद्ध केली, तेव्हा बुरशींना शेवाळे व नेचे यांच्यासमवेत पुष्पहीन वनस्पतींत स्थान दिले. परंतु अळंबीत हरितद्रव्य नसते. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न निर्माण करू शकत नाही. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते; कीटकांच्या कवचातही तेच आढळते. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये बुरशींची स्वतंत्र सृष्टी मानली. पुढे जनुकीय अभ्यासाने ही सृष्टी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक निकट ठरली.

वारुळावरील अळंबीच्या प्रजातीस रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिले. त्याचा अर्थ वाळवीची बुरशी. दक्षिण भारतातील एका जातीचे वर्णन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. हाइम यांच्या सन्मानार्थ तिला ‘हाइमी’ म्हणतात.

हे नाव सार्थ आहे. वाळवी पालापाचोळा व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेची जाळीदार पोळी जमिनीखाली रचते. त्यांवर ही बुरशी वाढते आणि लाकडातील कठीण घटकांचे विघटन करते. वाळवी ती बुरशी व जुनी झालेली पोळी खाऊन जगते. छत्रीचा दांडा मुळासारखा थेट त्या पोळीपर्यंत पोहोचलेला असतो. पेठेतील बटण मशरूम ही निराळी प्रजाती. तिची लागवड होते. टर्मिटोमायसिसची व्यापारी लागवड मात्र अद्याप साधलेली नाही. म्हणून बाजारात येणारी या अळंबीची प्रत्येक जुडी कोणत्या तरी जिवंत वसाहतीतूनच आलेली असते. समूळ दांडा मिळावा म्हणून कुदळ चालविली, तर पोळी आणि वसाहत दोन्ही उद्ध्वस्त होतात.

आणखी एक सावधगिरी. पांढरी छत्री दिसली म्हणजे ती अळंबीच, असे मानणे प्राणावर बेतू शकते. तशाच दिसणाऱ्या काही बुरशी विषारी असतात. मुलांना हे अवश्य सांगावे. आणि अंगणाच्या कडेला वारूळ असेल, तर ते सपाट करण्यापूर्वी त्यातील या सहजीवनाचे स्मरण ठेवावे.